वेस नसलेल्या पाड्याचं गाणं

संपादकांनी पत्रात लिहिलं होतं, "स्टुडिओतले गमतीदार किस्से लिहा, दिवाळीत वाचकांना हलकंफुलकं आवडतं." किस्से माझ्याकडे आहेत. त्यातला एक सोडला तर बाकीचे गमतीदारही आहेत. पण हो म्हटलं ते त्या एकासाठी. तिथपर्यंत पोचायला मला थोडा वेळ लागेल. आत्तापर्यंत आठ-नऊ वर्षं लागली आहेत, तेव्हा आणखी पान-दीड पान वाचकांनी चालवून घ्यावं.

माझा रेकॉर्डिंग स्टुडिओ सिल्वासात एका पिठाच्या गिरणीच्या वर आहे. स्टुडिओ म्हणजे एक खोली. भिंतींना जुन्या गाद्या, गाद्यांवर जाड पडदे, मधोमध एक बऱ्यापैकी माइक. दुपारी एक ते तीन गिरणी बंद असते, तेवढ्या वेळातच माझ्याकडे कला घडते. तीनला खाली पट्टा फिरायला लागला की कलेत बाजरी मिसळते. रेकॉर्डिंग चालू असताना पंखाही बंद ठेवावा लागतो. त्यामुळे माझ्याकडे गाणारा माणूस भावनेनं घामाघूम झालाय की उन्हाळ्यानं, हे मी छातीठोकपणे कधी सांगू शकलो नाही.

कलाकार फार येत नाहीत, गिऱ्हाइकं येतात. दुकानाची जाहिरात, भजनी मंडळाची कॅसेट (अजून कॅसेटच म्हणतात), कंपनीतल्या सुरक्षेच्या सूचना हिंदी-गुजराती-मराठीतून, आणि लग्नाची गाणी. लग्नाच्या गाण्याची चाल तयार असते, फक्त नवरा-नवरीच्या नावांना जागा सोडलेली असते. मसाटच्या एका नवरदेवानं 'उषा' घालून गाणं करून घेतलं. महिन्यानं परत आला. म्हणाला, ते जमलं नाही, आता 'ज्ञानेश्वरी' घाला. दोन अक्षरांच्या जागेत चार कशी बसणार? मी म्हटलं, घरात काही लाडाचं नाव असेल तर बघा. तीन दिवसांनी तो हसत आला. "साहेब, काम झालं. तिच्या घरच्यांनी आजपासून गुड्डी ठेवलंय." माझ्या चालीपायी एका मुलीचं बारसं दुसऱ्यांदा झालं.

आणि घंटागाडी. सकाळी गल्लीत कचऱ्याची गाडी येते, तिच्यावर जो पुरुषी आवाज "ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा" असं विनवतो तो माझा. बायको म्हणते, "दिवसभर तोंड उघडत नाही तुम्ही, पण सकाळी गल्लीत आलात की ऐकावंच लागतं." अख्ख्या सिल्वासाला माझा आवाज पाठ आहे. नाव कुणालाच नाही. हे मी गंमत म्हणून सांगतोय असं वाटेल. तेव्हा मला त्याची गंमत वाटत नव्हती.

आता धंद्यातल्या दोन गोष्टी सांगून ठेवतो, पुढे लागतील. पहिली, डमी. मुख्य गायकाला चाल कळावी म्हणून आधी कुणाकडून तरी साधं गाऊन घेतात, ती डमी. पक्कं गाणं झालं की ती पुसून टाकायची. दुसरी, बोलणी. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला मी स्वतः माइकमध्ये बोलतो: कोण गातंय, कुठलं गाव, गाणं कुणाचं, कितवा टेक. ज्यांच्याकडे मी शिकलो ते म्हणायचे, "शवागारात पायाच्या अंगठ्याला चिठ्ठी बांधतात ना, तसं समज. नंतर कुणाचं काय ते शोधत बसायला नको." ती सवय मी कधी मोडली नाही. मोडली असती तर हे लिहायची पाळी आली नसती.

भूषण माझ्याकडे आला तेव्हा मसाटच्या धाग्याच्या कंपनीत मशीनवर होता. शहाद्याकडचा मुलगा, नरोलीत भाड्याच्या खोलीत चौघं राहायचे आणि चौघांचा मिळून बँड होता. एक कीबोर्ड, एक ऑक्टापॅड, दोघं नाचून गाणारे. बँडचं नाव 'ओव्हरटाइम'. गणपतीत, हळदीला दुसऱ्यांची गाणी वाजवून ते कंटाळले होते.

"भाऊ, आपल्याला सोताचं गानं काढायचं आहे," भूषण म्हणाला. "नाचायचं. एकदम पॉप. पन आपल्या इकडचं."

"शब्द आहेत?"

"शब्द हायेत, चाल हाये, सगळं हाये. फक्त ते आमचं नाही. पॅकिंगमधल्या मावशीचं हाये."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी तो मावशीला घेऊन आला. लखमीबाई. गलोंड्याच्या एका पाड्यावरची वारली बाई, तेव्हा चाळिशीच्या आसपास, कंपनीत धाग्याचे कोन खोक्यात भरायचं काम. दारातच थांबून तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तू मास्तराचा पोर ना?"

माझे वडील कोकणातून इकडे शिक्षक म्हणून आले होते. गलोंड्याच्या मराठी शाळेत त्यांनी हिला चौथीपर्यंत शिकवलं होतं. तिच्या बोलीत अहो-जाहो नाही, कलेक्टर आला तरी तूच. "मास्तर मारायचा नाय," ती म्हणाली. "पाटीवर नाव लिवून द्यायचा आन सांगायचा, पुसू नको." मग बसली.

मी पंखा बंद केला, बोलणी केली, आणि ती गायली.

गेट उघडला गो, गेट उघडला,
पाय नाय ऐकत घरा जायाला.
दिसभर उभे ऱ्हायले पाय,
आता त्यांना बसवत नाय.

एवढंच. पॅकिंगला खोक्यावर पट्टी आवळायचं एक मशीन असतं, त्याचा ठक्-सूं-ठक्-ठक् असा ठेका होता त्याला. आठ तास उभं राहून काम, बसायची सोय नाही, आणि सुटताना गेटावर बायकांची झडती. त्या रांगेत उभ्या उभ्या तिनं हे जुळवलं होतं. भूषणनं तोच ठेका ऑक्टापॅडवर घेतला आणि मध्ये शेजारच्या कुकरची शिट्टी आली तरी कुणी थांबलं नाही. इतक्या वर्षांत गिरणी चालू व्हायची वेळ झाली हे मी विसरलो, असं त्या एकाच दिवशी झालं.

पुढचं सगळं शहाणपण माझं. मी म्हटलं, 'गेट' शब्द फार कंपनीसारखा वाटतो. नाचायचं गाणं, गावाचा वास हवा. 'गेट'च्या जागी 'वेस' घालू. वेस उघडली गो, वेस उघडली.

लखमीबाईनं विचारलं, "वेस म्हंजे?"

"गावाच्या तोंडाशी असते ती. मोठं दार."

"आमच्या पाड्याला दार नाय. सगळ्या घरांना पन नाय."

भूषण हसला. मीही हसलो आणि वेस घातली. पक्क्या गाण्यात बँडमधल्या दोघांनी आवाज दिले, पण 'पाय नाय ऐकत' ही ओळ त्यांना काही केल्या जमेना. शेवटी तेवढ्यापुरता डमीतला तिचाच आवाज दोन सूर वर चढवून ठेवला. सूर चढवला की आवाज तरुण होतो आणि कुणाचा ते ओळखू येत नाही.

इंटरनेटवर गाणं चढवायचं तर एक फॉर्म भरावा लागतो. भूषणला ते जमत नव्हतं, मी भरला. तो जिना उतरता उतरता म्हणाला, "भाऊ, वर मावशीचं नाव टाका बरं का. तिचंच हाये ते." मी म्हटलं, टाकतो.

फॉर्मात गीतकार, संगीतकार असे रकाने होते. तिथे नाव लिहिलं की त्या माणसाची सही, ओळखपत्र, संमती लागते. लखमीबाई कामावर होती, लग्नसराई तोंडावर होती. त्या रकान्यात आणखी एक सोय होती, 'पारंपरिक'. ते निवडलं की सही लागत नाही, कारण करणारा कुणी असतच नाही. मी ते निवडलं. एवढं सगळं मी आजवर बायकोलाही याच शब्दांत सांगत आलोय. सही, ओळखपत्र, घाई.

खरं असं की गलोंडा माझ्या घरापासून मोटरसायकलवर फार लांब नाही. खरं असं की 'पारंपरिक' निवडल्यावर पडद्यावर सगळ्यात वर एकच नाव उरत होतं. 'संगीत संयोजन' या शब्दांपुढे माझं. मी ते बराच वेळ बघत बसलो आणि मग बटण दाबलं.

गाणं लागलं. म्हणजे असं लागलं की त्या मोसमात नरोलीपासून वापीपर्यंत एक हळद त्याशिवाय झाली नाही. रिक्षात वाजलं, मोबाइलवर वाजलं, कंपन्यांच्या पूजेला वाजलं. 'ओव्हरटाइम'चं पहिलंच गाणं, आणि मुलांना सह्या मागायला लोक यायचे. माझ्याकडेही एकानं मागितली. दिली.

मग लोकगीतांवर काम करणारे एक अभ्यासक पुण्याहून आले. फार सज्जन माणूस. त्यांनी मला समजावून सांगितलं की 'वेस' हा शब्द गाण्याचं प्राचीनत्व दाखवतो आणि ठेका भात कांडण्याच्या मुसळाचा आहे. मी मान हलवत राहिलो. त्यांनी विचारलं, "आपण हे गाणं कधीपासून ऐकताय?" समोर त्यांचा रेकॉर्डर चालू होता. दुसऱ्यासाठी माइक लावण्यात जन्म गेला, माझ्यासाठी कुणी पहिल्यांदाच लावला होता. मी म्हटलं, "लहानपणापासून. पाड्यांवर बायका गायच्या." लहानपणी मी सरकारी क्वार्टरमध्ये रेडिओ ऐकायचो. त्यांचा लेख माझ्या नावानिशी छापून आला. घरात मी तो चार जणांना वाचून दाखवला.

त्याच वर्षी शाळेच्या गॅदरिंगमध्ये हे गाणं बसवलं. लखमीबाईची मुलगी रंजना सातवीत होती, नाचात पहिल्या रांगेत. निवेदन करणाऱ्या बाईंनी सांगितलं, हे आपल्या मातीतलं शेकडो वर्षांचं लोकगीत. रंजना सरळ जाऊन म्हणाली, बाई, हे माझ्या आईनं केलंय. बाई काही वाईट नव्हत्या. त्यांच्याकडे तो लेख होता. त्यांनी तो वर्गात वाचून दाखवला आणि म्हणाल्या, आपल्या आयांनी ते गायलं असेल, पण गाणं आणि करणं यात फरक असतो, खोटं बोलू नये. वर्ग हसला. त्या दिवसापासून रंजना घरी आईशी धड बोलेना. आईनं तिला खोट्यात पाडलं होतं ना.

हे मला लखमीबाईनंच सांगितलं. दुपारी दोन वाजता जिना चढून आली, उभीच राहिली.

"पारंपरिक म्हंजे काय?"

मी म्हटलं, "म्हणजे जुनं. कुणी केलं ते माहीत नसतं."

"तुला माहीत व्हता ना."

मी म्हटलं, तुमच्यात तशीही गाण्याला नाव लावायची रीत नाही. लग्नात बायका गातात त्यांना कुठे नावं असतात? हे वाक्य मी अभ्यासकांकडून उचललं होतं.

ती चिडली नाही. लहान मुलाला समजवावं तसं म्हणाली, "लग्न लावते ती धवलेरी गाते, ता देवाचा. बायका मिळून गातात, ता सगळ्यांचा. ह्या मी एकलीनं केला, कंपनीत, उभ्यानं. ह्या माझा." फॉर्मात तीन रकाने असते तर बरं झालं असतं.

मग म्हणाली, "तू तवा माइकात माझा नाव घेतला व्हता. मी आयकला. ता रंजनाला आयकव. बाकी काय नको मला."

मी म्हटलं, "डमी पुसली गेली. पुसतातच ती."

डमी पुसली नव्हती. टेबलाच्या खणात, वेगळ्या डिस्कवर होती. ती ऐकवली असती तर लेख खोटा ठरला असता, लेखातला मी खोटा ठरलो असतो. लखमीबाई म्हणाली, "मास्तराचा पोर सांगतो म्हंजे पुसली आसल." आणि जिना उतरली. तीनला गिरणी सुरू झाली.

लखमीबाईचं नाव कुणी गाळलं, यावर पाड्यावर बोलणं झालंच. कुणी विचारलं की मी म्हणायचो, "बँडवाल्या मुलांनी जे सांगितलं ते लिहिलं." हे वाक्य गलोंड्याला पोचायला वेळ लागला नाही. तिथल्या लोकांनी भूषणला बोलावून घेतलं, समोर बसवलं आणि पुन्हा पाड्यावर पाय ठेवू नको म्हणून सांगितलं. 'ओव्हरटाइम'चं दुसरं गाणं पडलं, तिसरं झालंच नाही. भूषण सुरतेला गेला.

गेल्या वैशाखात लखमीबाई पुन्हा जिना चढून आली. या वेळी रंजना बरोबर होती, कॉलेज झालेली, हातात लग्नाची पत्रिका. लखमीबाईचे पाय सुजलेले होते. पॅकिंगचं उभं काम अजून चालू आहे. ती खुर्चीवर बसली, मला बरं वाटलं.

"मास्तर अस्ता तर त्याला दिली अस्ती. तू ये." मग पदर सारखा करत म्हणाली, "एक काम कर. डीजेवाला तुझ्या वळखीचा हाय. त्याला सांग, ता गाणा लावू नको."

"आई, असू दे ना आता," रंजना म्हणाली.

"नको. सगळी तुझ्याकं बघून हसतील. तुझ्या लग्नात नको."

स्वतःचं गाणं मुलीच्या लग्नात वाजू नये म्हणून ही बाई माझ्याकडे शब्द टाकत होती. मी खण उघडला. कशानं ते मला सांगता येणार नाही, ठरवून काही केलं नाही. दोन वाजले होते, पंखा बंद केला आणि डिस्क लावली.

आधी माझा आवाज. "लखमीबाई, गलोंडा. गाणं स्वतःचं. डमी, टेक एक." मग तिचा, हसू दाबलेला: "चालू झाला काय?" मग गाणं, आणि मध्ये कुकरची शिट्टी.

रंजना म्हणाली, "परत लावा." परत लावलं. "परत." तिसऱ्यांदा झाल्यावर ती आईकडे बघून म्हणाली, "तू गेट म्हटलंयस."

"मंग. वेस कुठं हाय आपल्याला."

मग रंजनानं माझ्याकडे पाहिलं. ती मराठी शाळेत शिकलेली, ती अहो-जाहो करते. "तुमच्याकडे होतं हे," ती म्हणाली. मी म्हटलं, होतं. "सगळी वर्षं." मी म्हटलं, हो. तिनं ते पेनड्राइव्हवर मागितलं, मी उतरवून दिलं. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

त्या संध्याकाळी भूषणला सुरतेला फोन केला. सगळं सांगितलं. फॉर्म मी भरला, गावात तुझं नाव मी पुढे केलं. तो म्हणाला, "भाऊ, मला माहीत व्हतं. फॉर्मची कॉपी मेलवर आली व्हती ना."

"मग बोलला का नाहीस?"

"दुसरं गानं तुमच्याकडेच करायचं व्हतं. सिल्वासात दुसरा स्टुडिओ कुठं व्हता? मग राहूनच गेलं." मग म्हणाला, "मावशी बरी हाये ना? पाय दुखायचे तिचे."

गाणं जिथे चढवलं होतं त्या इंटरनेटवाल्या कंपनीला नोंद बदला म्हणून लिहिलं, डमी जोडली. उत्तर आलं की गाणं पारंपरिक असल्याचं छापील विधान उपलब्ध आहे, ते खोडणारं तितकंच जाहीर विधान हवं. विधान कुणाचं, तर माझं. तेव्हा संपादकांचं पत्र आल्यावर मी हो का म्हटलं हे आता लक्षात आलं असेल. म्हणून लिहितो: 'वेस उघडली' हे गाणं पारंपरिक नाही. ते गलोंड्याच्या लखमीबाईनं धाग्याच्या कंपनीत पॅकिंगला उभं राहून केलं. मी ते लहानपणी ऐकलेलं नाही. तिचं नाव टाका असं भूषणनं मला स्पष्ट सांगितलं होतं. 'वेस' हा शब्द माझा आहे. त्या गाण्यातला तेवढाच काय तो माझा.

लग्नाला गेलो. जावं की नाही, असं वाटत होतं, पण मास्तराच्या वाटणीची पत्रिका होती. मांडवात धवलेरीचं देवाचं गाणं झालं, बायकांचं सगळ्यांचं झालं. भूषणही आला होता, रंजनानं स्वतः फोन करून बोलावलं होतं. पाड्यावरचे दोघं-तिघं त्याच्याशी बोलावं की नाही या विचारात लांबूनच बघत होते. दुपारी हळदीला रंजनानं डीजेवाल्याच्या हातात पेनड्राइव्ह दिला. त्यानं हेडफोन कानाला लावून ऐकलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "अंकल, इसमें बेस नहीं है. और शुरू में कोई आदमी बोल रहा है, वो काट दूँ?"

रंजना म्हणाली, "काटना मत."

आणि त्या एवढ्या मोठ्या भोंग्यांतून, अख्ख्या पाड्यावर, माझा आवाज गेला. लखमीबाई, गलोंडा. गाणं स्वतःचं.

नाचायला उभ्या असलेल्या बायका थबकल्या. आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता, पंचायतीची कचऱ्याची गाडी इकडेही येते. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "हा तर कचऱ्याच्या गाडीतला बाबा."

"मंग खराच सांगत आसल," शेजारीण म्हणाली.

लखमीबाई सुजल्या पायांनी उठली आणि गेट उघडायची वाट न बघता नाचायला लागली.